सल्लागाराचा शेवटचा हप्ता अहवाल तालुक्यात वाचला गेल्यावरच द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा विकास आराखड्यांसाठी खासगी सल्लागार कंपन्या नेमाव्यात की नाही, यावर आपल्या पत्रांच्या सदरात सध्या दोन्ही बाजूंनी लिहिले जात आहे. एका बाजूचे म्हणणे, जनतेचा पैसा उधळला जातो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, हे काम सरकारी कर्मचाऱ्यांच्या आवाक्यातले नाही. मी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या मराठवाड्यातील जिल्हा कार्यालयांत नोकरी केली आणि संशोधन सहायक म्हणून निवृत्त झाले. जिल्ह्यात सल्लागार आले की त्यांना माहिती काढून देण्याचे काम बहुतेक वेळा माझ्या टेबलावर येई. तिथून जे पाहिले, त्यावरून मला या वादात एक मागणी करायची आहे, आणि ती नेमणुकीपेक्षा बिलाशी संबंधित आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सल्लागार नकोतच, असे माझे म्हणणे नाही. जिल्हा सांख्यिकी कार्यालयातल्या मंजूर पदांपैकी किती भरलेली असतात, हे तिथे एकदा जाऊन आलेल्या कुणालाही कळते. निवडणूक आली की कर्मचारी तिकडे, जनगणना किंवा कृषिगणना आली की तिकडे, आणि दरवर्षीचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढायचे ते उरलेल्या दोन-तीन माणसांनी. नकाशे, उपग्रहाची चित्रे, भूजलाचे किंवा बाजारपेठेचे अभ्यास यासाठी बाहेरचा जाणकार लागतोच. काही सल्लागारांकडून मी स्वतः बरेच शिकले आहे. प्रश्न आहे तो त्यांनी काय मागे ठेवले आणि कुणाला उत्तर दिले, हा.

एका जिल्ह्यातला अनुभव सांगते. जिल्ह्याचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण असे कुठेही घडू शकले असते. आराखड्यासाठी कुटुंबांचे पायाभूत सर्वेक्षण करायचे होते. निविदा, करारनामा, प्रारंभिक अहवाल असे करत करत प्रत्यक्ष पाहणीला जानेवारी उजाडला. गावे निवडली गेली, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीवरून, घरांची यादी काढली, त्यातून ठरावीक अंतराने घरे निवडली. इथपर्यंत सगळे शास्त्रशुद्ध होते. पाहणीला नेमलेली मुले जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांतली होती. त्यांना भरलेल्या फॉर्ममागे पैसे मिळत आणि हातात टॅब दिलेला होता. त्यातला एक मुलगा एका संध्याकाळी माझ्याकडे आला. त्याच्या वाट्याला आलेल्या तांड्यावर निवडलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांना कुलूप होते. तो म्हणाला, ''बाई, माणसंच नाहीत. सर म्हणाले, शेजारचं उघडं घर घ्या.''

जानेवारीत त्या तांड्यावरची माणसे कुठे असतात, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि सोबत लहान मुले. मग जानेवारीत 'शेजारचं उघडं घर' कुणाचे असते? ज्याच्या शेतात विहिरीला पाणी आहे त्याचे, घरात नोकरदार असलेल्याचे, किराणा दुकान असलेल्याचे, किंवा मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे. म्हणजे ज्यांच्यासाठी आराखडा करायचा ती कुटुंबे यादीतून गळतात आणि त्यांच्या जागी तुलनेने बरी कुटुंबे येतात. टॅबमध्ये फॉर्म पूर्ण भरलेला दिसतो, घराचा फोटो असतो, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असतात. वर बसून तपासणाऱ्याला काहीच चुकलेले दिसत नाही.

पाहणीत घर बंद मिळाले तर काय करायचे, याचे नियम आमच्या खात्यात आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. किती वेळा परत जायचे, बदली घर केव्हा घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे ते बदली घर होते आणि मूळ घर का मिळाले नाही, याची नोंद कशी ठेवायची. ती नोंद असली की तक्ते करणाऱ्याला निदान कळते की इथे काहीतरी गडबड आहे. या पाहणीच्या टॅबमध्ये तशी नोंद करायला रकानाच नव्हता.

मी कंपनीच्या टीम लीडरशी बोलले. माणूस सज्जन होता, त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, नमुना निवड प्रारंभिक अहवालात मंजूर झाली आहे, आता बदलायची तर मुदतवाढ मागावी लागेल आणि ती मिळणार नाही. करारनाम्यात ठरलेल्या संख्येइतके फॉर्म त्याला द्यायचे होते आणि त्याने ते दिले. अंतिम अहवालात त्या तालुक्यातले हंगामी स्थलांतर अगदी किरकोळ दिसले आणि शाळेतली उपस्थिती चांगली दिसली. आराखड्यात कौशल्य विकास केंद्र आले, गोदाम आले. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले गावातच राहावीत, त्यांची शाळा बुडू नये म्हणून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांबद्दल त्या तालुक्याच्या प्रकरणात अवाक्षर नव्हते. हा अहवाल पंचायत समितीतल्या एखाद्या केंद्रप्रमुखाने किंवा त्या तांड्यावरच्या शिक्षकाने वाचला असता तर पाच मिनिटांत चूक दाखवली असती. पण अहवाल त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. तो इंग्रजीत होता, नियोजन भवनातल्या एका बैठकीत त्याचे पीपीटी दाखवले गेले, आणि बिल निघाले.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. सल्लागाराचे पैसे टप्प्याटप्प्याने दिले जातात. एक हप्ता प्रारंभिक अहवालाला, एक मसुद्याला, एक अंतिम अहवालाला. अहवाल स्वीकारतो तो ज्या कार्यालयाने काम दिले ते कार्यालय. त्या अधिकाऱ्याला वेळ नसतो, बदली तोंडावर असते, आर्थिक वर्ष संपत आलेले असते. ज्या लोकांच्या आयुष्याबद्दल अहवाल आहे, त्यांनी तो पाहिला की नाही, याचा बिलाशी काहीच संबंध नसतो. निवडीच्या वेळी मात्र किती बारकाई! तांत्रिक गुणांना सहसा अधिक वजन, दराला कमी. तज्ज्ञांचे बायोडाटा, त्यांच्या अनुभवाची वर्षे, आधी केलेल्या कामांची प्रमाणपत्रे, सगळ्याला गुण. काम घेताना एवढी परीक्षा आणि काम पूर्ण झाल्यावर परीक्षाच नाही.

महाराष्ट्रात हे नेहमी असे नव्हते, आणि हे विशेषतः तरुण वाचकांना सांगावेसे वाटते. 1983 साली राज्य सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणारी सत्यशोधन समिती नेमली. 1984 मध्ये तिचा अहवाल आला. समितीने रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रे घेतली. जिल्हा हा घटक धरला, राज्याची सरासरी ही पट्टी धरली, आणि जो जिल्हा सरासरीच्या जेवढा खाली, तेवढा त्याचा अनुशेष काढला. सगळा मिळून 3,186 कोटी रुपयांचा. या पद्धतीवर किती वाद झाले! सरासरी ही पट्टीच चुकीची आहे, प्रगत जिल्ह्याइतकी पातळी का धरली नाही, जिल्ह्याऐवजी विभाग का नाही, असे आक्षेप विदर्भातून आले, मराठवाड्यातून आले. मला हवे ते हेच. आक्षेप घेता आले, कारण तक्ते समोर होते. मराठवाडा जनता विकास परिषदेचे कार्यकर्ते ते तक्ते घेऊन तालुक्याच्या गावी सभा घेत. मराठवाड्यातल्या शाळामास्तरांना आपल्या जिल्ह्याच्या सिंचनाच्या अनुशेषाचा आकडा तोंडपाठ असे.

पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती धरून हिशेब केला, तो 14 हजार कोटींच्या घरात गेला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. या समितीने केलेली एक गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम समजावून सांगत असे. उसाचे एक हेक्टर आणि ज्वारीचे एक हेक्टर सारख्याच पाण्यात भिजत नाही. मग नुसती भिजलेली हेक्टरे मोजून दोन जिल्ह्यांची तुलना कशी करायची? म्हणून सगळ्या सिंचन क्षेत्राचे रब्बी ज्वारीच्या समतुल्य क्षेत्रात रूपांतर केले गेले. ही पद्धत कुणाला पटो न पटो, ती काय आहे हे शेतकऱ्याला समजू शकत होते आणि त्यावर तो भांडू शकत होता. प्रादेशिक असमतोलावरच्याच डॉ. विजय केळकर समितीचा अहवाल ऑक्टोबर 2013 मध्ये सरकारला मिळाला आणि डिसेंबर 2014 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधिमंडळात मांडला गेला. तो मांडायला एवढा वेळ का लागला यावरही तेव्हा टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण अखेर तो लोकांच्या हातात आला, त्यावर वृत्तपत्रांत लेख आले, मराठवाड्यात परिसंवाद झाले.

राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे आली. या मंडळांच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला पाहिजे, असे त्या कलमातच लिहिलेले आहे. मंडळांनी अपेक्षेइतके काम केले नाही हे मान्य. तरी प्रश्न विचारण्याची ती एक जागा होती. 30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय 2022 मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. त्यामागचे आणि पुढचे राजकारण वाचकांना ठाऊक आहे, मी त्यात जात नाही. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून तिथे प्रशासक बसले. जिल्हा नियोजन समितीचे पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून आलेले असावेत, अशी घटनेची अपेक्षा आहे. निवडून आलेले कुणी नव्हतेच, तेव्हा समितीत पालकमंत्री आणि अधिकारी यांच्याखेरीज बोलणार कोण?

आणि नेमक्या याच काळात आराखड्यांचे काम वाढले. 2022 मध्ये नीती आयोगाच्या धर्तीवर राज्याची 'मित्र' संस्था स्थापन झाली. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करायची म्हणून प्रत्येक जिल्ह्याने आपला विकास आराखडा करावा असे ठरले. जिल्ह्यांची संस्थात्मक क्षमता वाढवण्यासाठी जागतिक बँकेने डिसेंबर 2024 मध्ये सुमारे 18.8 कोटी डॉलरचा 'महास्ट्राइड' प्रकल्प मंजूर केला. हेतू चांगला आहे. मागे पडलेल्या जिल्ह्यांकडे कुणीतरी बघते आहे याचे मला समाधान वाटते. पण सल्लागार वाढले आणि त्यांना प्रश्न विचारण्याच्या जागा घटल्या, हे दोन्ही एकाच वेळी घडले, याची काळजी वाटते. अहवाल चुकला तर आता ते सांगायचे कुठे?

केंद्राच्या मागास क्षेत्र अनुदान निधीच्या वेळीही हा प्रश्न होता. 2007 च्या सुमारास सुरू झालेल्या त्या योजनेत देशातले 250 जिल्हे होते, महाराष्ट्रातले 12, आणि त्यांत आमच्याकडचे हिंगोली, नांदेड, औरंगाबाद. गावापासून जिल्ह्यापर्यंत आराखडा खालून वर करायचा, आणि त्यासाठी तांत्रिक साहाय्य संस्थांची मदत घ्यायची, अशी रचना होती. 2015 मध्ये योजना बंद झाली. त्या काळात झालेल्या गावनिहाय माहितीचे काय झाले, असे मी पुढे बऱ्याच ठिकाणी विचारले. कुठे सीडी होती, ती चालत नव्हती. कुठे संगणक बदलला होता. कुठे, ''ते त्या संस्थेकडे असेल'' असे उत्तर मिळाले. गावांनी दिलेली माहिती गावांना परत मिळाली नाही आणि जिल्ह्याकडेही राहिली नाही. पुढच्या आराखड्याला पुन्हा कोऱ्या कागदावरून सुरुवात. 2021 ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे पाया 2011 चाच. इतक्या जुन्या आकड्यांवर वाढीचा दर लावून केलेली लोकसंख्या घ्यायची आणि मधल्या काळात सल्लागारांनी पैसे घेऊन गोळा केलेली माहिती मात्र कुणाकडेच नाही, ही स्थिती मला फार अस्वस्थ करते.

प्रशासकीय सुधारणांच्या बाबतीत तर आपल्याकडे चांगला वारसा आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातली बसण्याची व्यवस्था, दप्तर, नागरिकांना लागणारे अर्ज या सगळ्याची नव्याने घडी घातली. तो 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. आमच्या पिढीने टेबलावरची कागदपत्रे सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठे पद्धत शिकली, अ-ब-क-ड वर्गवारीने अभिलेख लावायला शिकली. 2017 मध्ये पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'ची, म्हणजे प्रलंबित प्रकरणे शून्यावर आणण्याची मोहीम घेतली, तिचा पायाही हाच होता. ही कामे टेबलावर बसणाऱ्या लिपिकाच्या हातून झाली. म्हणून साहेबांची बदली झाल्यावरही त्यातला काही भाग टिकला. दप्तर कुठे आहे, हे लावणाऱ्यालाच माहीत असते.

बाहेरचा सल्लागारही असे काम करू शकतो, हे मी पाहिले आहे. एका कंपनीतर्फे आलेली एक तरुण मुलगी पंचायत समितीत येऊन ग्रामसेवकांसोबत बसायची. (आता त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, कामाचा बोजा तोच.) ग्रामपंचायतीचे 1 ते 33 नमुने तिने समजून घेतले. मग तिच्या लक्षात आले की कुटुंबसंख्या, शौचालये, नळजोडण्या, करवसुली ही तीच ती माहिती ग्रामसेवक वेगवेगळ्या पोर्टलवर वेगवेगळ्या तारखांना भरतो, आणि घाईत भरल्यामुळे प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा येतो. वरून नोटीस येते ती 'माहितीत तफावत' म्हणून. तिने एक साधा तक्ता मराठीत करून दिला. नमुन्यांवरून महिन्यातून एकदा तो भरायचा आणि प्रत्येक पोर्टलला लागणारा आकडा त्यातून उचलायचा. दोन लिपिकांना तिने तो वापरायला आणि बिघडला तर दुरुस्त करायला शिकवले. हे तिच्या करारात नव्हते. मी निवृत्त झाले तेव्हाही तो तक्ता वापरात होता. तिच्या कंपनीचा जाडजूड अहवाल मात्र मी कधी पाहिला नाही, आणि त्या पंचायत समितीतही तो कुणी पाहिल्याचे ऐकले नाही. सरकारने पैसे दिले ते अहवालाचे. उपयोगी पडला तो तक्ता, कारण तो तिथल्या माणसांच्या हाती राहिला.

म्हणून माझी मागणी अशी. जिल्हा आराखडा, क्षेत्र विकास किंवा प्रशासकीय सुधारणा यांसाठी सल्लागार नेमताना करारातच अट घालावी की एकूण रकमेपैकी शेवटचा हप्ता, किमान वीस टक्के तरी, अंतिम अहवाल कार्यालयाने स्वीकारला म्हणून दिला जाणार नाही. अहवालातला प्रत्येक तालुक्याचा भाग मराठीत करून पंचायत समिती, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना पाठवावा. तालुक्याच्या ठिकाणी एक जाहीर बैठक घ्यावी, तिथे टीम लीडरने स्वतः यावे, आणि लोकांनी नोंदवलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देऊन ती उत्तरे अहवालाला जोडावीत. पाहणीची मूळ माहिती, कुटुंबांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून, जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जमा करावी, आणि ती कशी वापरायची हे तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवावे. हे झाल्याचा दाखला मिळाला की हप्ता द्यावा.

यात एक धोका आहे, तोही सांगते. दाखला देणाऱ्याच्या हाती पैसा अडवण्याची किल्ली येते, आणि ती किल्ली कशी वापरली जाते हे सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना कळते. म्हणून मुदत घालावी. अहवाल तालुक्यांना पोचल्यापासून साठ दिवसांत बैठक झाली नाही आणि त्यात सल्लागाराचा दोष नसेल, तर त्याचे पैसे अडवू नयेत. बैठक न घेणाऱ्या अधिकाऱ्याकडून खुलासा मागवावा.

'मसुदा आहे, देता येत नाही' हे उत्तर मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकले आहे. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. महत्त्वाचे धोरण ठरवताना त्यासंबंधीची सर्व माहिती शासनाने स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे त्या कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. राज्याचा कारभार मराठीत चालावा असा 1964 चा राजभाषा अधिनियम आहे. तेव्हा मी मागते त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेच्या कार्यकक्षेत चार ओळी वाढवाव्या लागतात.

'एवढे कोण वाचणार?' असेही विचारले जाते. तीनशे पाने कुणी वाचणार नाही, हे खरे. आपल्या तालुक्याची आठ पाने मात्र लोक नक्की वाचतील. एका आराखड्याच्या नकाशात एक गाव बारमाही रस्त्याने जोडलेले दाखवले होते. रस्ता होता, डांबरी होता, उपग्रहाच्या चित्रातही स्वच्छ दिसत होता. त्या रस्त्यावरच्या ओढ्याचा फरशी पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातो आणि ओढा उतरेपर्यंत बाळंतीण असो की दूधवाला, कुणीच पलीकडे जाऊ शकत नाही, हे उपग्रहाला दिसत नाही. त्या गावच्या आशाताईला ते माहीत आहे, एसटीच्या चालकाला माहीत आहे, पोलीस पाटलाला माहीत आहे. त्यांना कुणी विचारले नाही, म्हणून जोडायच्या गावांच्या यादीत ते गाव आले नाही.

मंत्रालयातल्या प्रकल्प व्यवस्थापन कक्षांबद्दल एवढेच म्हणते, की वर्षानुवर्षे तिथे बसून सल्लागार कंपन्यांची मुले टिपण्या आणि पत्रे तयार करत असतील, तर ते काम मंजूर पदे भरून करावे. रिक्त पद ठेवायचे आणि त्याचे काम बाहेर द्यायचे, यात ना पैसा वाचतो ना अनुभव साठतो. माझ्या खात्यातली सांख्यिकी सहायकांची पदे वेळेवर भरली, तर सल्लागाराच्या नमुना निवडीवर आक्षेप घेणारे कुणीतरी जिल्ह्यात असेल, आणि तो आक्षेप फोनवरच्या बोलण्यात न विरता फाईलवर येईल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. आपल्या जिल्हा आवृत्त्या आहेत, तालुक्यांत वार्ताहर आहेत. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा नियोजन कार्यालयाकडून मागून घ्यावा, आणि ज्या आवृत्तीत जो तालुका येतो त्याची पाने मराठीत छापावीत. आकडे तपासायला मदत लागली तर परभणी, हिंगोली आणि नांदेडमध्ये आमच्या खात्यातून निवृत्त झालेले बरेच लोक आहेत. मी त्यांच्यापैकी काहींशी बोलले आहे, ते बसायला तयार आहेत. सुरुवात हंगामी स्थलांतराच्या तक्त्यापासून करावी, आणि तो तक्ता कोणत्या महिन्यातल्या पाहणीवर बेतला आहे हे आधी विचारावे.

आपली,
एक निवृत्त संशोधन सहायक
परभणी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)